हाली, कलदार आणि जीबी

बोरीच्या बाजारात मोबाईलच्या दुकानापुढं थोडा वेळ थांबलं की हे बोलणं कधी ना कधी कानावर येतंच.

“भाऊ, बत्तीसचं म्हणून पैसे घेतले नं? मग हे एकोणतीसच काहून दाखवतंय?”

“मामा, कार्ड वरिजनल हाय. सगळ्यांचं तेवढंच दाखवतंय.”

मामांचं समाधान होत नाही. धान्याच्या मापात, कापसाच्या काट्यात, खताच्या गोणीत कमी भरण्याचा अनुभव ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घेतला, त्यांना बत्तीसातले सव्वादोन कुठं गेले हे विचारायचा पूर्ण हक्क आहे. दुकानदार पोरगा खोटं बोलत नाही, पण त्याच्याकडं उत्तरही नाही. उत्तर शोधायचं तर साठ-सत्तर वर्षं मागं जावं लागतं.

आधी नुसता हिशेब पाहू. कार्डाच्या पुड्यावर ३२ जीबी लिहिलेलं असतं, आणि बारीक अक्षरांत बहुधा एवढंही असतं की १ जीबी म्हणजे १ अब्ज बाईट. म्हणजे कार्डात ३२,००,००,००,००० बाईट मावतात, आणि ते खरोखर मावतात. कार्ड संगणकाला लावलं की विंडोजही तेवढेच बाईट मोजतं. फक्त त्याच्या लेखी एक जीबी १,०७,३७,४१,८२४ बाईटचा असतो. या मोठ्या मापानं ३२ अब्ज मोजले की २९.८ भरतात. यादी-खतावणीसाठी कार्ड स्वतःची थोडी जागा ठेवतं ती वेगळी. माल तोच आहे, मापं दोन आहेत, आणि दोन्ही मापांना नाव एकच आहे.

खरी गोम त्या नावात आहे. एका मालाला दोन मापं असणं जगाला नवं नाही. आमच्या परभणी जिल्ह्याला तर मुळीच नाही.

जिंतूर तालुक्यातलं बोरी काय, सगळा मराठवाडा काय, १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई होईपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचा स्वतःचा रुपया होता. सरकारी कागदांत त्याला उस्मानिया सिक्का म्हणत, लोकांच्या तोंडी तो हाली. हाली म्हणजे सध्याचा, चालू असलेला. हद्द ओलांडून बार्शीला, नगरला, खानदेशात गेलं की तिथं इंग्रजांचा रुपया चाले. कळीवर, म्हणजे यंत्रावर पाडलेला, म्हणून तो कलदार. दोन्ही रुपयेच, दोन्ही सोळा आण्यांचे. पण सात हाली दिले की सहा कलदार मिळत. शंभर कलदारांना हाली किती, तर ११६ रुपये १० आणे ८ पै. हद्दीच्या दोन्ही बाजूंना देवाणघेवाण करणाऱ्याला हा सातास सहाचा हिशेब पाठ ठेवावाच लागे.

विलीनीकरणानंतर १९५० मध्ये भारताचा रुपया इकडं आला तोही याच दरानं, सात हालीला सहा. हाली नाणी त्यानंतरही काही वर्षं चलनात राहिली. १९५९ मध्ये ती कायमची बंद झाली.

एवढी वर्षं दोन रुपये शेजारी शेजारी चालूनही व्यवहार मोडला नाही. कारण त्या काळी नुसतं ‘शंभर रुपये’ म्हणून भागत नसे. कागदात असो की बोलण्यात, ‘शंभर हाली’ किंवा ‘शंभर कलदार’ असं म्हणावं लागे. फरक सोळा-सतरा टक्क्यांचा होता, जीबीतल्या फरकाच्या दुपटीहून जास्त. पण नाव वेगळं असल्यामुळं त्यात फसवणूक नव्हती. बट्टा किती बसणार हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही आधीच ठाऊक असे.

आता धान्याकडं वळू, कारण १०२४ हा आकडा कुठून आला ते समजायला पायलीसारखा दुसरा दाखला नाही.

जुन्या घरात माळ्यावर अजून एखादी अधोली सापडते. चार चिपट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली. मधली मापं धरून पाहा: दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, दोन शेरांची एक अधोली, दोन अधोल्यांची एक पायली. प्रत्येक पायरीला दुप्पट. चिपट्यापासून पायलीपर्यंत चार वेळा दुप्पट केली की १६. रुपयाचंही तसंच होतं. रुपयाचे आठ आणे, त्याच्या निम्मी पावली, पुढं दोन आणे, एक आणा, मग अर्धा आणा आणि शेवटी पैसा. सहा वेळा निम्मं केलं की रुपयाचे ६४ पैसे. दहाचा पाढा यात कुठंच नाही.

यामागं साधं व्यवहारज्ञान आहे. धान्याच्या राशीचे डोळ्यांनी दोन सारखे वाटे करता येतात. दोघांत वाटणी असेल तर एकानं वाटे पाडायचे आणि दुसऱ्यानं निवडायचे. त्याला काटा लागत नाही, शिक्षण लागत नाही. दहा सारखे वाटे डोळ्यांनी पाडणं कुणालाच जमत नाही. म्हणून हातानं मोजणाऱ्या जगानं निम्म्याची आणि दुपटीची मापं धरली, आणि कागदावर मोजणाऱ्या जगानं दहाची. ही दोन जगं समोरासमोर आली की रूपांतराचं कोष्टक लागतं.

भारतात तशी वेळ १९५६ च्या आसपास आली. ते वर्ष आमच्यासाठी फार मोठं. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य मोडलं आणि परभणी जिल्हा मुंबई राज्यात आला. त्याच वर्षाअखेरीस संसदेनं वजनमापांचा कायदा केला: शेर, मण, तोळा जाऊन ग्रॅम आणि किलोग्रॅम येणार. नाण्यांचा कायदा आदल्या वर्षीच झाला होता. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० पैसे झाले. जुना आणा म्हणजे नवे सव्वासहा पैसे, आणि पाव पैशाचं नाणं तर नव्हतं. म्हणून एका आण्याला ६, दोनला १२, तीनला १९ आणि चारला बरोबर २५ पैसे, असं कोष्टक ठरलं. आज वाचताना तो एक-दोन पैशांचा खेळ वाटतो. आण्याआण्यानं मीठ-मिरची घेणाऱ्या बाईला तो खेळ नव्हता. तिला एक आणा देताना पाव पैसा सुटे आणि तीन आणे देताना पाव पैसा जादा जाई.

या बदलात सरकारनं एक गोष्ट फार शहाणपणाची केली. नव्या नाण्यावर नुसतं ‘पैसा’ न लिहिता ‘नया पैसा’ लिहिलं. जुना पैसा रुपयाचा चौसष्टावा भाग, नवा शंभरावा. दोघं काही वर्षं एकाच बटव्यात राहणार होते, तेव्हा नाव वेगळं हवंच. जुनी नाणी सरली, घोळाची भीती गेली, तेव्हा १९६४ मध्ये ‘नया’ हा शब्द काढून टाकला. वजनांचंही तेच. किलोग्रॅम आला तो किलोग्रॅम म्हणूनच आला, त्याला शेर म्हटलं गेलं नाही. १९५८ च्या ऑक्टोबरापासून टप्प्याटप्प्यानं सुरुवात झाली आणि १ एप्रिल १९६२ पासून देशभर मेट्रिक वजनंच कायदेशीर राहिली. लोकांनी पाव किलोला ‘पावशेर’ म्हणणं सोडलं नाही ही गोष्ट निराळी. ऐंशी तोळ्यांच्या जुन्या शेराचा पावशेर सुमारे २३३ ग्रॅमचा होता, आजचा २५० ग्रॅमचा आहे, आणि बाजारात दोन्हींना नाव तेच. पण जुना पावशेर व्यवहारातून पुरता गेल्यामुळं घोटाळा होत नाही. एक माप मेलं की त्याचं नाव दुसऱ्याला खुशाल द्यावं. दोन्ही जिवंत असताना दिलं की भांडण लागतं. संगणकाच्या जगात नेमकं हेच झालं.

योगायोग असा की त्या गोष्टीची सुरुवातही १९५६ मधलीच.

त्याआधी १९४८ मध्ये अमेरिकेत क्लॉड शॅनन यांनी संदेशवहनावरचा आपला गाजलेला निबंध लिहिला आणि माहितीच्या सगळ्यात लहान मापाला ‘बिट’ हे नाव वापरलं. शब्द सुचवला होता जॉन ट्यूकी यांनी, आणि त्याचं श्रेय शॅनन यांनी निबंधातच दिलं. बिट म्हणजे होय किंवा नाही, दिवा चालू किंवा बंद. १९५६ मध्ये आयबीएमच्या ‘स्ट्रेच’ नावाच्या संगणकावर काम करताना वर्नर बुकहोल्झ यांनी बिटांच्या गटाला ‘बाईट’ म्हटलं. त्याच वर्षी त्याच कंपनीनं रामॅक हे यंत्र बाजारात आणलं. त्यातली साठवण म्हणजे दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्यांची चळत. त्यात पन्नास लाख अक्षरं मावत. पन्नास लाख, सरळ दहाच्या हिशेबात.

आणि त्याच १९५६ मध्ये मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, आर. नरसिंहन आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांचं प्रायोगिक संगणक यंत्र चालू झालं. त्याच्या अनुभवावर त्यांनी मोठं यंत्र बांधलं. ते १९६० मध्ये कामाला लागलं आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नाव ‘टिफ्रॅक’ ठेवलं. २,७०० निर्वात नळ्या, १,७०० डायोड, १२,५०० रोधक. स्मृती फेराईटच्या बारीक कड्यांची. प्रत्येक कडी तारांच्या जाळीत ओवलेली, आणि एका कडीत एकच बिट, या दिशेनं चुंबकलेलं किंवा त्या दिशेनं. या स्मृतीत ४० बिटांचे २,०४८ शब्द राहत.

हा गुणाकार करून पाहावा, कारण आपली सगळी कहाणी त्यात आहे. २,०४८ गुणिले ४० म्हणजे ८१,९२० बिट. आठ बिटांचा एक बाईट या आजच्या मापानं १०,२४० बाईट. आता टिफ्रॅकची स्मृती किती केबी? हजारानं भागलं तर १०.२४, आणि १,०२४ नं भागलं तर बरोबर १०. मुंबईत हातांनी बांधलेल्या त्या पहिल्या मोठ्या देशी संगणकातच दोन्ही हिशेब एकमेकांशेजारी उभे आहेत. आज नोकरीच्या अर्जाला लावायचा फोटो ‘५० केबीच्या आत’ मागतात. तसा एक फोटो ठेवायला पाच टिफ्रॅक लागले असते.

२,०४८ च का? २,००० का नाही? पायलीचं कारणच इथंही आहे. स्मृतीतल्या एखाद्या खणापाशी पोचायला यंत्र तारांवरून संकेत पाठवतं. एक तार म्हणजे दोन वाटा, चालू नाहीतर बंद. दोन तारांनी चार खणांचे पत्ते होतात, तीन तारांनी आठ, आणि प्रत्येक नव्या तारेला दुप्पट. दहा तारा झाल्या की १,०२४ पत्ते, अकरा झाल्या की २,०४८. आता कुणी अकरा तारा ओढून दोनच हजार खण बसवले, तर अठ्ठेचाळीस पत्ते रिकामे पडतील, आणि तार तर तेवढीच लागेल. महागड्या स्मृतीच्या काळात असं कुणी करणार नव्हतं.

तबकडीला ही सक्ती नाही. तबकडी फिरते, तिच्यावर गोल मार्ग असतात, मार्गाचे तुकडे असतात. किती मार्ग आणि किती तुकडे हे धातू, चुंबक आणि यंत्रकौशल्य ठरवतं. तिथं दुपटीला काही खास मान नाही, म्हणून तबकडीवाले पहिल्यापासून साधे लाख-कोटी मोजत आले. एकाच यंत्राच्या पोटात आतली स्मृती पायलीनं मोजली जात होती आणि साठवणीची तबकडी किलोनं. आपापल्या जागी दोघं बरोबर होते.

मग चूक कुठं झाली? स्मृती मोजणाऱ्यांना १,०२४ हा आकडा पुन्हा पुन्हा म्हणावा लागे. तो हजाराच्या जवळ होता आणि हजाराला ‘किलो’ हा शब्द तयार होता. फ्रान्सच्या राज्यक्रांतीच्या काळात, १७९५ मध्ये, किलोचा अर्थ हजार असा ठरला आणि १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय मापपद्धतीनं त्यावर पुन्हा शिक्का मारला. संगणकवाल्यांनी तो शब्द उचलून १,०२४ ला लावला. १९६४ च्या एप्रिलात आयबीएमच्या सिस्टीम ३६० या यंत्रांची रचना सांगणारा जीन अॅमडाल, गेरिट ब्लाऊ आणि फ्रेडरिक ब्रुक्स यांचा लेख आला, त्यात के म्हणजे १,०२४ असंच धरलं आहे. याच यंत्रांनी आठ बिटांचा बाईट जगभर रूढ केला, आणि त्याच्याबरोबर हा के-ही गेला. दुसरीकडं काही कंपन्या ६५,५३६ ला ६५के म्हणत, काही ६४के. ज्याचा त्याचा के.

हे बरं नाही हे तेव्हाच ज्याला कळलं असा माणूस होता. १९६८ मध्ये डोनाल्ड मॉरिसन यांनी संगणकशास्त्राच्या एका मासिकाला पत्र लिहून सुचवलं की १,०२४ ला के म्हणू नये, कप्पा हे ग्रीक अक्षर वापरावं. पाठोपाठ वॉलेस गिव्हन्स यांनी ‘बीके’ असा पर्याय दिला. म्हणजे हाली आणि कलदार अशी नावं पाडायची वेळ १९६८ मध्येच आली होती, आणि तेव्हा ते सोपंही होतं, कारण या विषयाशी संबंध येणारी माणसं मूठभर होती. पण फरक होता अवघा २.४ टक्क्यांचा. पायलीमागं मूठभर धान्य. एवढ्यासाठी कशाला नवं अक्षर, म्हणून पत्र छापलं गेलं आणि विसरलं गेलं. मला या सगळ्या इतिहासात हीच जागा सगळ्यात जास्त चुटपुट लावते. त्या दोन पत्रांचं ऐकलं असतं तर आमच्या मामांना दुकानदाराशी वाद घालावा लागला नसता.

कारण हा फरक चक्रवाढ व्याजासारखा वाढतो. किलोला २.४ टक्के. मेगा म्हणजे किलोचा किलो, तिथं ४.९. गिगाला ७.४, टेराला जवळजवळ १०. साठवण जसजशी मोठी होत गेली तसतशी ती मूठ ओंजळ झाली, ओंजळीचं सूप झालं.

मधल्या काळात फ्लॉपी आली. मराठवाड्यातल्या ज्यांनी एमएस-सीआयटीच्या किंवा त्याआधीच्या टायपिंग-संगणक वर्गांत पहिल्यांदा माऊस धरला, त्यांना ती साडेतीन इंची चौकोनी चकती आठवेल. शर्टाच्या खिशात मावणारी, आणि उन्हात राहिली की बिघडणारी. तिच्यावर लिहिलेलं असे १.४४ एमबी. दोन बाजू, प्रत्येक बाजूला ८० मार्ग, प्रत्येक मार्गाचे १८ तुकडे, एका तुकड्यात ५१२ बाईट. गुणाकार केला की १४,७४,५६० बाईट. एमबी म्हणजे दहा लाख धरले तर हे १.४७ होतात. १,०२४ गुणिले १,०२४ धरले तर १.४१. मग १.४४ आलं कुठून? १,०२४ ला १,००० नं गुणून. एक पाय हालीत आणि दुसरा कलदारात. असा एमबी ना स्मृतीत होता ना तबकडीत, तो फक्त त्या चकतीवर होता. वर्गात मात्र आम्ही ‘१ केबी म्हणजे १०२४ बाईट’ हे पाढ्यासारखं पाठ केलं, आणि परीक्षेतही तेच बरोबर धरलं गेलं.

गिगाच्या काळात हा प्रश्न थेट गिऱ्हाइकापाशी पोचला. इथं एक आकडा मला फार विलक्षण वाटतो. ऐंशी तोळ्यांचा जुना शेर म्हणजे ०.९३३१ किलो. पुड्यावरचा जीबी म्हणजे विंडोजच्या जीबीचा ०.९३१३ वा भाग. दोन्हींत फरक हजारात दोनाचाही नाही. म्हणजे ३२ जीबीचं कार्ड घेऊन २९.८ दिसणं आणि ३२ शेर ज्वारी किलोच्या काट्यावर घालून २९.९ भरणं, हे जवळजवळ एकच गणित. मामांना समजावायचं असेल तर हेच सांगावं: कंपनीनं शेरानं दिलं, संगणक किलोनं मोजतोय. ज्यांनी घरात जुन्या वजनांच्या गोष्टी ऐकल्या आहेत त्यांना हे एका वाक्यात उमगतं.

अमेरिकेत लोक कोर्टात गेले. २००४ मध्ये मेमरी कार्डं विकणाऱ्या कंपन्यांवर दावा झाला, २००५ मध्ये हार्ड डिस्क बनवणाऱ्या वेस्टर्न डिजिटलवर. सीगेट कंपनीनं २००७ मध्ये तडजोड केली. आपली चूक मान्य न करता तिनं गिऱ्हाइकांना किमतीच्या पाच टक्के परतावा किंवा फुकट सॉफ्टवेअर देऊ केलं. पुढं असाच एक दावा सॅनडिस्कविरुद्ध कॅलिफोर्नियात उभा राहिला. २०२० मध्ये न्यायालयानं तो फेटाळला. पुड्यावर १ जीबी म्हणजे १ अब्ज बाईट असं स्पष्ट छापलं आहे आणि कायद्याच्या मापांतही गिगा म्हणजे अब्जच, असं त्यात म्हटलं गेलं. कायद्याच्या अंगानं हे योग्यच आहे. पण ती बारीक अक्षरं वाचून माणसानं मनात रूपांतर करावं ही अपेक्षा, दोन्ही मापांना एकच नाव ठेवून करणं, मला न्यायाची वाटत नाही.

नावाची दुरुस्तीही तोवर झाली होती, तीस वर्षं उशिरा. १९९८ च्या डिसेंबरात आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगानं दुपटीच्या मापांसाठी नवी नावं मंजूर केली: किबीबाईट, मेबीबाईट, गिबीबाईट, टेबीबाईट. किबी म्हणजे १,०२४, किलो म्हणजे फक्त हजार. हिशेब स्वच्छ झाला. लिनक्सच्या जगात ही नावं दिसू लागली, तांत्रिक लेखनात रुळली. बाजारात मात्र ती आली नाहीत. स्मृतीच्या चिपा बनवणाऱ्यांनी आपल्या मानकांत जुनाच अर्थ ठेवला, विंडोजनं जुनंच लेबल ठेवलं. अॅपलनं २००९ मध्ये आपल्या संगणकांत दहाचा हिशेब सुरू केला, आणि आता अँड्रॉइड फोनही बहुधा तोच दाखवतो. त्यामुळं गावातल्या ई-सेवा केंद्रात आजकाल नवाच प्रसंग घडू शकतो. ५०,९०० बाईटचा फोटो फोनवर ५०.९ केबी दिसतो, म्हणून पोरगं तो पुन्हा पुन्हा लहान करत बसतं. तोच फोटो केंद्राच्या संगणकावर ४९.७ केबी दिसतो. ‘५० केबीच्या आत’ ही अट त्या वेबसाईटनं कोणत्या केबीत लिहिली आहे, हे पानावर कुठंच सांगितलेलं नसतं, आणि अर्जाची मुदत तर रात्री बाराला संपत असते.

मराठी माणसाला या मापांचा आणखी एक बट्टा बसतो, तोही सांगायला हवा. साध्या एसएमएसमध्ये १४० बाईट मावतात. इंग्रजी अक्षराला तिथं सात बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरं बसतात. देवनागरी खुणेला दोन बाईट लागतात, म्हणून ७० च. पुण्याच्या सी-डॅकनं ज्या प्रमाणाचा प्रसार केला त्या इस्कीत, म्हणजे १९९१ च्या भारतीय मानकात, देवनागरीची एक खूण एका बाईटात राहत होती. आज इंटरनेटवर चालणाऱ्या यूटीएफ-८ मध्ये तिला तीन लागतात. ‘बोरी’ या शब्दात चार खुणा: ब, ओकार, र, ईकार. म्हणजे गावाचं नाव इस्कीत चार बाईटचं, जुन्या एसएमएसमध्ये आठ बाईटचं आणि आजच्या फोनमध्ये बारा बाईटचं. हा फरक कुणाच्या लबाडीनं आलेला नाही. जगातल्या सगळ्या लिप्या एकाच रांगेत बसवताना इंग्रजी पुढच्या बाकावर बसली आणि आपण मागच्या, एवढंच. पण मोजमाप करणाऱ्यानं तो माहीत ठेवावा.

आता घराघरांत टेराबाईटच्या डिस्क आल्या. १ टीबीची डिस्क विंडोजवर ९३१ जीबी दाखवते आणि लग्नाचे व्हिडिओ काढणारा फोटोग्राफर दर हंगामात हिशेब करताना त्यातले सत्तर जीबी मनात वजा करून ठेवतो. त्यापुढं पेटाबाईट, तिथं फरक १२.६ टक्क्यांचा. त्याच्याही पुढं एक्साबाईट, ज्या मापानं मोठमोठी डेटा केंद्रं मोजली जातात. तिथं दुपटीची शंभर मापं भरायला दहाच्या हिशेबाची ११५.३ मापं ओतावी लागतात. आमच्या आज्यांच्या काळात शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली लागत.